अतिवाहक फिल्म इन्सुलेटर होते तेव्हा: फिल्म बनवण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत

काही नॅनोमीटर जाडीची नायोबियम नायट्राइडची चांगली फिल्म थंड करत नेली की १० केल्विनच्या आसपास तिचा रोध शून्यावर येतो. त्याच पदार्थाची, पण जास्त अव्यवस्था असलेली फिल्म त्याच क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड करणाऱ्या यंत्रात) ठेवा. तिचा रोध चढायला लागतो आणि तापमान उतरेल तसा चढतच राहतो. खोलीच्या तापमानाला दोघी शेजारी ठेवल्या तर कोणती अतिवाहक होणार आणि कोणती इन्सुलेटर, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. या बदलाला प्रयोगशाळेत सगळे एसआयटी (सुपरकंडक्टर-इन्सुलेटर ट्रान्झिशन) म्हणतात, इथे मी त्याला नुसतं 'बदल' म्हणतो.

हा लेख गणेशखिंडीत, पाषाणला किंवा पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात एम.एस्सी.चं प्रोजेक्ट वा पीएच.डी.चं पहिलं वर्ष करणाऱ्यांसाठी आहे. अतिवाहकतेची तोंडओळख आहे आणि चार तारांनी रोध कसा मोजतात ते माहीत आहे, एवढं मी धरून चालतो. या विषयात पुस्तकातल्यासारखा दिसणारा आलेख मिळवायला फार कष्ट पडत नाहीत. तो आलेख फिल्मचा आहे की आपल्या वायरिंगचा, हे दाखवायला पडतात. त्यामुळे खाली वायरिंगवर सिद्धांतापेक्षा जास्त जागा गेली आहे.

आधी काय शोधतोय ते ठरवा

अतिवाहकतेला दोन गोष्टी लागतात. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमायला हव्यात आणि सगळ्या जोड्यांची फेज एकमेकींशी जुळायला हवी. शिशासारख्या साध्या धातूत दोन्ही एकाच तापमानाला घडतं. अव्यवस्थित फिल्ममध्ये यांची फारकत होऊ शकते. लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीत प्रत्येक ढोलपथकाचा आपला ठेका पक्का असतो, पण पुढच्या पथकाचा मागच्याशी मेळ नसतो. तशीच फिल्ममध्ये अतिवाहक बेटं तयार होतात, आतून एकसंध आणि आपसात बेताल. अमित घोषाल, मोहित रंदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी १९९८ मध्ये गणिताने दाखवलं की अशी बेटं होण्यासाठी फिल्म दाणेदार असण्याचीही गरज नाही. एकजिनसी अव्यवस्थेतूनही ती उभी राहतात.

म्हणून इन्सुलेटरकडे जाण्याचे दोन रस्ते मानले जातात. पहिल्यात जोड्याच मोडतात. अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत अपकर्षण नीट झाकलं जात नाही आणि क्रांतिक तापमान (ज्याखाली फिल्म अतिवाहक होते ते) घसरत शून्यावर येतं. फिंकेलश्टाइनचं १९८७चं काम या रस्त्याचं. दुसऱ्यात जोड्या शाबूत राहतात, पण जागच्या जागी अडकतात. मॅथ्यू फिशर यांनी १९९०च्या सुमारास मांडलेलं चित्र हे. या दुसऱ्या चित्रात बदलाच्या नेमक्या जागी फिल्मचा प्रति-चौरस रोध (शीट रेझिस्टन्स, म्हणजे फिल्मच्या एका चौरस तुकड्याचा रोध) एका ठरावीक आकड्याजवळ असावा अशी अपेक्षा आहे: प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराच्या वर्गाची चौपट, म्हणजे ६.४५ किलोओम.

हा आकडा पाठ करा, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. मिनेसोटा विद्यापीठात हॅविलँड, लिऊ आणि गोल्डमन यांनी १९८९ मध्ये बिस्मथच्या फिल्म सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमपासून ७४ अँगस्ट्रॉमपर्यंत थोड्या-थोड्या जाड करत मोजल्या. वक्रांचा पंखा ६.४५ किलोओमच्या आसपास दुभंगलेला त्यांना दिसला. पुढे इतर पदार्थांत मात्र हा आकडा कधी निम्मा, कधी दुप्पट निघाला. तुमच्या फिल्ममध्ये तो ४ किलोओम आला तर लगेच मापनात चूक शोधत बसू नका. बरोबर ६.४५ आला तर थोडी शंका घ्या.

पदार्थ निवडणं

पहिल्याच प्रकल्पात बिस्मथच्या वाटेला जाऊ नये. ती फिल्म द्रव हेलियमच्या तापमानाजवळ ठेवलेल्या सबस्ट्रेटवर, अमॉर्फस जर्मेनियमच्या थरावर टाकतात आणि तिथेच, निर्वात न मोडता मोजतात. बाहेर काढली की ती फिल्म राहत नाही. म्हणजे बाष्पीभवनाची यंत्रणा क्रायोस्टॅटच्या पोटात हवी.

नायोबियम नायट्राइडला मी पहिली पसंती देईन. नायोबियमचं टार्गेट, आर्गॉन-नायट्रोजनचं मिश्रण, तापवलेला मॅग्नेशियम ऑक्साइडचा सबस्ट्रेट आणि स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने टार्गेटचे अणू उडवून फिल्म टाकणं) एवढ्यावर काम होतं. स्पटरिंगची पॉवर किंवा वायूंचं प्रमाण बदललं की नायोबियम आणि नायट्रोजनचं गुणोत्तर बदलतं, आणि त्याबरोबर अव्यवस्था. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या गटाने याच युक्तीने क्रांतिक तापमान १६ केल्विनच्या वरून पार खाली आणलं. तीव्र अव्यवस्थेत रोध परत आल्यावरही ऊर्जा-दरीची खूण शिल्लक राहते, हे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्कॅनिंग टनेलिंगच्या मोजमापांत दाखवलं. गंमत म्हणजे त्या फिल्म खूप पातळ नव्हत्या, सुमारे ५० नॅनोमीटरच्या होत्या. अव्यवस्था आणि जाडी हे दोन वेगळे खटके आहेत. एकाच मालिकेत दोन्ही एकदम फिरवू नका.

अमॉर्फस इंडियम ऑक्साइड हा दुसरा चांगला पर्याय. ऑक्सिजनच्या विरळ वातावरणात इलेक्ट्रॉन-बीमने बाष्पीभवन केलं की फिल्म तयार. तिचा मोठा फायदा असा की एकच फिल्म निर्वातात हलकं तापवून अव्यवस्था पायरी-पायरीने कमी करता येते. त्यामुळे संपूर्ण मालिका एकाच नमुन्यावर मिळते आणि नमुन्या-नमुन्यांतल्या फरकाचा प्रश्न उरत नाही. तोटाही तिथेच आहे. खोलीच्या तापमानाला नुसती पडून राहिली तरी तिचा रोध सरकतो. कपाटात आठवडाभर राहिलेली फिल्म पुन्हा मोजायला घेतली तर आधी खोलीच्या तापमानाचा रोध नव्याने नोंदवा. जुनी नोंद धरून चालू नका. पुण्याच्या पावसाळ्यात डेसिकेटरमधली सिलिका जेल निळ्याची गुलाबी व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा तिच्याकडेही लक्ष असू द्या.

दाणेदार ॲल्युमिनियम सोपं आहे, पण त्यात मुळातच धातूचे कण आणि मध्ये ऑक्साइड असल्याने दुसरा रस्ता गृहीतच धरला जातो. मॉलिब्डेनम-जर्मेनियम नॅनोवायरसाठी उत्तम. त्याबद्दल पुढे.

आडव्या अक्षावर जाडी नको, शीट रेझिस्टन्स घ्या

क्वार्ट्झ मॉनिटर जी जाडी दाखवतो ती सरासरी असते. तीन नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये अर्धा नॅनोमीटर इकडे-तिकडे झाला की क्रांतिक तापमान खूप बदलतं, आणि तेवढी चूक सहज होते. म्हणून फिल्मची ओळख प्रति-चौरस रोधाने ठेवा.

हॉल-बारचा, म्हणजे कडेने व्होल्टेजची टोकं काढलेल्या लांब पट्टीचा नमुना करा. समजा पट्टी १०० मायक्रोमीटर रुंद आहे आणि व्होल्टेजच्या दोन टोकांमध्ये ५०० मायक्रोमीटर अंतर आहे. पाच चौरस झाले. २० किलोओम मोजले तर प्रति-चौरस ४ किलोओम. पट्टीला व्होल्टेजच्या दोन नव्हे, निदान चार-पाच जोड्या ठेवा. शेजारच्या जोड्यांचे प्रति-चौरस रोध खोलीच्या तापमानाला काही टक्क्यांपेक्षा जास्त वेगळे आले तर ती फिल्म बदलाच्या जवळच्या अभ्यासासाठी बाद करा, कितीही सुंदर दिसत असली तरी. असमान फिल्ममध्ये प्रवाह वाट बदलतो आणि चार-तारी मापनात क्रांतिक तापमानाच्या जरा वर रोधाचं खोटं शिखर दिसतं. काही वेळा तर ऋण रोधही दिसतो. त्याला नवं भौतिकशास्त्र समजणारे अधूनमधून भेटतात.

संपर्कांसाठी फिल्मच्या आधी क्रोम-सोन्याचे पॅड टाका आणि फिल्म त्यांच्यावर येऊ द्या. उलट केलं तर वायर-बाँडरची सुई पातळ फिल्म फोडून सबस्ट्रेटमध्ये घुसते. लिफ्ट-ऑफ करणार असाल तर पट्टीच्या कडा मधल्या भागापेक्षा पातळ होतात, हे गृहीत धरून रुंदी ठेवा.

तारा, फिल्टर आणि ग्राउंड

इथे घाई केली तर पुढचं सगळं व्यर्थ. तापमापक ३०० मिलीकेल्विन दाखवतो म्हणजे तांब्याचा ठोकळा ३०० मिलीकेल्विनला आहे. फिल्ममधले इलेक्ट्रॉन त्या तापमानाला असतीलच असं नाही. इतक्या थंडीत इलेक्ट्रॉन आणि जालक यांच्यातला ऊर्जाविनिमय फार दुबळा होतो. तारांमधून शिरलेला अत्यल्प गोंगाटही इलेक्ट्रॉनांना तापवून ठेवतो. परिणाम असा की तापमान उतरवत गेलं तरी रोध एका पातळीवर येऊन सपाट होतो.

हा सपाटपणा या क्षेत्रातल्या मोठ्या वादाच्या मुळाशी आहे. अतिवाहक आणि इन्सुलेटर यांच्या मध्ये एक विचित्र धातू आहे की काय, अशी चर्चा अनेक वर्षं चालू आहे. तामीर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की त्यांनी तपासलेल्या फिल्ममध्ये पुरेसे फिल्टर लावल्यावर तो सपाट भाग नाहीसा झाला आणि रोध अपेक्षेप्रमाणे घसरत गेला. प्रत्येक नमुन्यातला सपाट भाग खोटाच असतो, असं यातून निघत नाही. पण फिल्टरशिवाय मोजलेल्या सपाट भागावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही.

एक केल्विनची औष्णिक ऊर्जा सुमारे २१ गिगाहर्ट्झच्या फोटॉनइतकी असते. ३०० मिलीकेल्विनला ती साधारण ६ गिगाहर्ट्झवर येते. म्हणजे मोबाइल आणि वायफायच्या पट्ट्यातला गोंगाट नेमका त्रासदायक आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची जागा नारायणगावजवळ खोडदला निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं हा एक निकष होता. शहरातल्या प्रयोगशाळेला ती चैन नाही, फिल्टरवरच भागवावं लागतं.

फिल्टर तीन टप्प्यांत लावा. क्रायोस्टॅटच्या डोक्यावर, खोलीच्या तापमानाला, प्रत्येक तारेला पाय-फिल्टर. त्यासाठी बंद डायकास्ट पेटी आणि बीएनसी कनेक्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरलात तर मिळून जातील. पेटीच्या झाकणाला चारही कडांनी घट्ट संपर्क हवा, नाहीतर ती पेटी नसून अँटेना आहे. दुसरा टप्पा थंड भागात, रोधक आणि धारित्र. एक किलोओम आणि १० नॅनोफॅरड घेतलेत तर सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं जातं. पण असे फिल्टर गिगाहर्ट्झला बिनकामाचे ठरतात, कारण तिथे धारित्राच्या पायांचं इंडक्टन्स वरचढ होतं. म्हणून तिसरा टप्पा तांब्याच्या भुकटीच्या फिल्टरचा: भुकटी इपॉक्सीत कालवून तिच्यात तारेचं वेटोळं बसवायचं. भुकटीच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा थर असल्याने उच्च वारंवारतेची ऊर्जा त्यात जिरते. हे हाताने करता येतं.

नमुन्यापर्यंतच्या तारा पिळलेल्या जोडीने न्या. मँगनीन किंवा फॉस्फर-ब्राँझ घ्या. तांब्याच्या तारेने उष्णता थेट खाली उतरते. प्रत्येक थंड पायरीवर तारा तांब्याच्या खुंटीला गुंडाळून वार्निशने चिकटवा.

ग्राउंड एकच ठेवा. संगणक, पंप आणि लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचा संकेत तेवढा वेचून मोजणारा अँप्लिफायर) यांनी आपापल्या प्लगमधून वेगवेगळं ग्राउंड घेतलं की ५० हर्ट्झचा फेरा तयार होतो. संगणकाची जोडणी शक्य असेल तिथे ऑप्टिकल आयसोलेटरमधून घ्या. यूपीएस इन्व्हर्टरवर चालत असताना किलोहर्ट्झमधला गोंगाट वाढतो, तेव्हा लाईट गेल्यावर घेतलेल्या नोंदींवर खूण करून ठेवा. टर्बोपंप बंद-चालू करून आणि ट्यूबलाइट विझवून रोध बदलतो का तेही पाहा. बदलला तर फिल्टरकडे परत या. पुढची पायरी नाही.

तापमान

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो आणि उघड्या ड्यूअरमधलं हेलियम ४.२२ ऐवजी सुमारे ४.१५ केल्विनला उकळतं. द्रव नायट्रोजनही ७७.४ ऐवजी ७६.८च्या जवळ. पाठ्यपुस्तकातला ४.२ आकडा धरून तापमापक तपासलात तर निष्कारण त्याला दोष द्याल. त्या दिवसाचा बॅरोमीटरचा आकडा नोंदवा आणि हेलियमच्या बाष्पदाब-कोष्टकावरून तापमान काढा.

हेलियम पंपाने ओढलं की १.३ केल्विनपर्यंत जाता येतं. हेलियम-३ने ३०० मिलीकेल्विन, त्याखाली डायल्यूशन रेफ्रिजरेटर. बदलाच्या जवळच्या फिल्मचं क्रांतिक तापमान दोन केल्विनच्या खाली असतं, त्यामुळे ४ केल्विनच्या बंद-चक्र यंत्रावर मालिकेचा फक्त अतिवाहक अर्धा भाग मिळेल. तोही वाया जात नाही. कोणती फिल्म पुढे मुंबईला किंवा अन्यत्र अधिक थंड यंत्रावर न्यायची, याची निवड तिथेच होते.

तापमापक नमुन्याच्याच तांब्याच्या ठोकळ्यावर असू द्या. चुंबकीय क्षेत्रात मोजणार असाल तर त्याचा क्षेत्रातला दोष आधी काढा. थंड करताना आणि तापवताना, दोन्हीकडून वक्र घ्या. ते एकमेकांवर बसले नाहीत तर गती निम्मी करा.

प्रत्यक्ष मोजमाप

अतिवाहक बाजूला लॉक-इन बरोबर आहे. वारंवारता १० ते २० हर्ट्झमध्ये, ५० हर्ट्झच्या साध्या भागांपासून दूर अशी घ्या, १७.३ चालेल. एक व्होल्ट आणि १०० मेगाओमचा मालिका-रोधक जोडला की १० नॅनोअँपिअरचा प्रवाह मिळतो. १० किलोओमच्या नमुन्यात त्याने एक पिकोवॉट उष्णता निर्माण होते. हे कमी वाटतं, पण मिलीकेल्विनमध्ये कमी नाही. पारख एकच: प्रवाह निम्मा करा. रोध बदलला तर पुन्हा निम्मा करा, बदलणं थांबेपर्यंत. प्रत्येक तापमानाला नाही, पण सर्वांत खालच्या तापमानाला हे केल्याशिवाय नोंदवही बंद करू नका.

इन्सुलेटर बाजूला हीच मांडणी खोटं बोलू लागते. नमुना १०० मेगाओमच्या जवळ गेला की तुमचा प्रवाह-स्रोत स्थिर राहत नाही. लॉक-इनचं प्रवेशद्वार सहसा १० मेगाओमचं असतं, तेही नमुन्याला समांतर बसतं. तारांची धारिता तर आहेच. ५०० पिकोफॅरडची केबल आणि एक गिगाओमचा नमुना म्हणजे अर्ध्या सेकंदाचा कालांक, म्हणजे ०.३ हर्ट्झच्या वर सगळा प्रवाह केबलच खाते. लक्षण सोपं आहे. लॉक-इनचा दुसरा घटक, नव्वद अंशांचा, वाढायला लागतो. तो पहिल्याच्या दहाव्या भागाला पोचला की लॉक-इन बंद करा. तिथून पुढे स्थिर डीसी व्होल्टेज द्या आणि प्रवाह मोजा, दोन तारांनी. गिगाओमच्या नमुन्यात संपर्काचा रोध नगण्य असतो, चार तारांचा हट्ट नको. दोन्ही पद्धती जिथे लागू पडतात त्या पट्ट्यात, साधारण १०० किलोओमला, दोन्हींनी मोजा आणि आकडे जुळवून घ्या.

आलेख वाचताना

अतिवाहक बाजूला रोध तीव्रपणे पडण्याआधी गोलाई येते. त्यातला मोठा भाग चढउतारांमुळे वाढलेल्या वाहकतेचा असतो. अस्लामाझोव्ह-लार्किनच्या सूत्रात तिचं माप पदार्थावर अवलंबून नाही, प्रति-चौरस सुमारे १५ मायक्रोसीमेन्स. याने क्रांतिक तापमान काढणं हे रोध निम्मा झाला ते तापमान धरण्यापेक्षा बरं. त्याखाली व्होल्टेज हे प्रवाहाच्या घाताने वाढू लागतं. घातांक तीनवर पोचतो ते तापमान कोस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमणाचं (जिथे द्विमितीय फिल्ममधली फेज जुळते) मानतात. पण असमान फिल्म आणि तापलेले इलेक्ट्रॉनही घातांक वाढवतात, म्हणून नुसता तीन दिसला म्हणून शिक्का मारू नका.

इन्सुलेटर बाजूला रोधाचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्ताशी सरळ रेषेत येतो, की त्याच्या वर्गमुळाशी, की घनमुळाशी, यावर वाद रंगतात. तापमानाचा पट दसपट नसेल तर तिन्ही रेषा सरळच दिसतात. निष्कर्ष लिहू नका, पट लिहा.

वक्र आधी खाली वाकतो आणि अजून थंड केल्यावर पुन्हा वर जातो, असं दिसलं तर बेटं अतिवाहक झाली पण जोडली गेली नाहीत. फिल्म दाणेदार असण्याची शक्यता मोठी.

इन्सुलेटरमध्ये जोड्या आहेत का, याचा सुंदर पुरावा २००७चा आहे. स्ट्युअर्ट, व्हॅलेस आणि सहकाऱ्यांनी छिद्रांची जाळी असलेल्या बिस्मथच्या फिल्म घेतल्या. इन्सुलेटर असतानाही त्यांचा रोध चुंबकीय क्षेत्राबरोबर झुलत होता, आणि झोक्याचं माप इलेक्ट्रॉनच्या दुप्पट, म्हणजे जोडीच्या भाराचं होतं.

चुंबकीय क्षेत्राने केलेला बदल

अव्यवस्था बदलायला नवीन फिल्म लागते. क्षेत्र मात्र बटणाने फिरतं, म्हणून बहुतेक जण इथे येतात. हेबार्ड आणि पालानेन यांनी १९९० मध्ये इंडियम ऑक्साइडवर हे केलं.

पुरेशा तापमानांना रोध विरुद्ध क्षेत्राचे वक्र घ्या. ते एका बिंदूतून जात असतील तर तो क्रांतिक क्षेत्र आणि क्रांतिक रोध. त्या बिंदूवर प्रत्येक वक्राचा उतार काढा आणि उताराचा लॉगरिदम तापमानाच्या लॉगरिदमसमोर मांडा. येणाऱ्या रेषेच्या उतारातून नू (सहसंबंध-लांबीचा) आणि झेड (काळाचा) या दोन घातांकांचा गुणाकार मिळतो. ०.६७च्या जवळ आला तर स्वच्छ द्विमितीय प्रणालीसारखं वर्तन, १.३३ला साधं पर्कोलेशन (बेटांमधून सलग वाट जुळणं), २.३३ला क्वांटम पर्कोलेशन. अव्यवस्थित द्विमितीय प्रणालीत नू एकपेक्षा कमी नसावा असा सैद्धांतिक निर्बंध आहे, तरी ०.६७ अनेकांना मिळतो. त्याचा अर्थ काय, यावर एकमत नाही.

हे घातांक वापरून सगळे वक्र एकाच रेषेवर बसवतात त्याला 'कोलॅप्स' म्हणतात, त्या चित्रांवर मी फारसा भाळत नाही. दोन मोकळे आकडे हातात असले की बऱ्याच गोष्टी एकमेकींवर बसवता येतात. त्याआधी एक साधी गोष्ट करा. शेजारच्या दोन-दोन तापमानांचे वक्र कुठे छेदतात ते काढा आणि तो छेदनबिंदू तापमानाबरोबर सरकतो का पाहा. सरकत असेल तर एकच क्रांतिक बिंदू नाही. २०१५ मध्ये गॅलियमच्या अतिपातळ फिल्ममध्ये असंच सरकणं दिसलं आणि त्याचा अर्थ ग्रिफिथ्स प्रकारच्या वर्तनाने (अव्यवस्थेतल्या विरळ, वेगळ्या वागणाऱ्या भागांमुळे येणाऱ्या) लावला गेला.

क्षेत्र आणखी वाढवलं तर इंडियम ऑक्साइडमध्ये रोधाचं प्रचंड शिखर येतं. संबंदमूर्ती आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते मांडलं. शिखराजवळ ठरावीक व्होल्टेजला प्रवाह एकदम उसळी घेतो. ही उसळी नव्या अवस्थेची खूण असल्याचा दावा झाला, पण २००९ मध्ये ती तापलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन स्थिर तापमानांनी समजावून देता आली. पुन्हा तोच प्रश्न: इलेक्ट्रॉन किती थंड आहेत?

नॅनोवायर

तार नॅनोवायर म्हणावी इतकी बारीक केव्हा? तिची रुंदी अतिवाहकाच्या कोहेरन्स लांबीच्या घरात आली की. अव्यवस्थित पदार्थात ती पाच ते दहा नॅनोमीटर असते. बेझ्र्यादिन, लाऊ आणि टिंकहॅम यांनी २००० मध्ये खाचेवर कार्बन नॅनोट्यूब टांगून तिच्यावर मॉलिब्डेनम-जर्मेनियम स्पटर केलं. तशी सोय नसेल तर इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी.

अशा तारेत रोध अचानक शून्य होत नाही. क्षणभर एका ठिकाणी अतिवाहकता विझते, फेज एका पूर्ण फेऱ्याने घसरते आणि व्होल्टेज उमटतं. उष्णतेने होणाऱ्या या फेज-स्लिपचा सिद्धांत १९६७ मध्ये जेम्स लँगर आणि विनय आंबेगावकर यांनी मांडला, १९७० मध्ये मकंबर आणि हाल्पेरिन यांनी पुरा केला. मराठी आडनाव या सूत्राच्या 'एलएएमएच' या आद्याक्षरांत बसलेलं आहे, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. फार थंड तापमानाला क्वांटम टनेलिंगनेही फेज घसरू शकते. तेव्हा सूत्राने सांगितलेल्या वक्रापासून शेपूट वर उठते. शेपूट दिसली की क्वांटम, असं समीकरण करणं धोक्याचं आहे. न गाळलेला गोंगाट अगदी तशीच शेपूट देतो.

आलेखात दोन पायऱ्या दिसतील. पहिली पायरी जोडणाऱ्या रुंद फिल्मची, दुसरी तारेची. तारेचा सामान्य रोध पहिली पायरी संपल्याबरोबर वाचा. आणि इथे एक घोळ अगदी नेहमीचा: २०० नॅनोमीटरहून कमी लांबीच्या तारांत तुलना ६.४५ किलोओमशी होते ती तारेच्या एकूण रोधाची, प्रति-चौरस रोधाची नव्हे. त्यापेक्षा कमी रोधाच्या तारा अतिवाहक आणि जास्त रोधाच्या इन्सुलेटर, अशी विभागणी मॉलिब्डेनम-जर्मेनियममध्ये दिसली. लांब तारांत ही साधी विभागणी टिकत नाही, तिथे काटछेद आणि दर लांबीमागचा रोध पाहावा लागतो.

तारेवरचं व्होल्टेज औष्णिक ऊर्जेपेक्षा खाली ठेवा. ३०० मिलीकेल्विनला ती २६ मायक्रोव्होल्टच्या तोडीची आहे. दहा किलोओमच्या तारेत एक नॅनोअँपिअरने १० मायक्रोव्होल्ट येतात, ते ठीक.

नॅनोवायर बहुतेक वेळा क्रायोस्टॅटमध्ये नाही, टेबलावर मरते. पुण्याच्या कोरड्या हवेत, जानेवारी ते मे, बोटाच्या एका ठिणगीने ती वितळते. सगळ्या पिना एकमेकींना आणि ग्राउंडला जोडलेल्या ठेवा, मनगटपट्टा घाला, स्विच-पेटीत आधी जोडा आणि मग ग्राउंड सोडा. तापमान उतरवताना मल्टिमीटर कधीही लावू नका.

ही मेहनत कोणाच्या उपयोगाची, असं घरचे विचारतील. बदलाच्या जवळची अतिवाहक फिल्म फार मोठं कायनेटिक इंडक्टन्स (जोड्यांच्या जडत्वामुळे येणारं इंडक्टन्स) देते. सामान्य रोध प्रति-चौरस एक किलोओम आणि क्रांतिक तापमान १० केल्विन असेल तर प्रति-चौरस सुमारे १४० पिकोहेन्री. क्युबिट आणि एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर बनवणाऱ्यांना अशा फिल्म लागतात. अस्ताफिएव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुसंगत क्वांटम फेज-स्लिप दाखवली ती इंडियम ऑक्साइडच्या तारेतच.

हेलियम मिळेपर्यंत

हेलियमची पाळी येईपर्यंत महिने जाऊ शकतात. तोवर लॅपटॉपवर द्विमितीय एक्सवाय मॉडेल लिहा. ३२ बाय ३२ची जाळी, प्रत्येक खुंटीवर एक कोन, शेजाऱ्यांत जोडणीची ऊर्जा, आणि मेट्रोपोलिस पद्धत. फेजची ताठरता तापमानाबरोबर काढा आणि त्याच आलेखावर तापमानाला दोन भागिले पायने गुणून येणारी रेषा ओढा. दोन्ही जिथे छेदतात ते जोडणीच्या ऊर्जेच्या ०.८९ पटीच्या जरा वर यायला हवं, आणि जाळी मोठी केली की खाली सरकायला हवं. ते जमलं की काही जोड्या यादृच्छिकपणे तोडा. आधी दहा टक्के, मग वीस, मग तीस. चौरस जाळीत अर्ध्या जोड्या तुटल्या की सलग वाट उरत नाही, पण ताठरता त्याच्या कितीतरी आधीपासून घसरत येते. प्रत्येक टप्प्याला कुठे कोणत्या बेटाची फेज शेजाऱ्यांपासून सुटते, त्याचा नकाशा काढून ठेवा. फिल्मचा पहिला वक्र हाती येईल तेव्हा तो नकाशा शेजारी उघडा असू द्या.